बोरखेडकर कोठी आणि रस्त्यापलीकडचा कडूलिंब

अनुभव लिहायला माणूस रिटायर झालेला असावा लागतो, असा दिवाळी अंकांचा रिवाज आहे. माझे केस अजून काळे आहेत आणि नोकरी चालू आहे. संपादकबाईंना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘लिही तू. फक्त भाषण करू नको.’’ प्रयत्न करते. शाळेत असताना मी विहारातल्या पत्रकांचे गठ्ठे घरोघर वाटत होते आणि कॉलेजात गेल्यावर ती पत्रकं लिहायला लागले. पत्रकाची सवय वाईट असते. तिसऱ्या ओळीत कोणाला तरी जाब विचारल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.

माझं काम जुनी घरं वाचवायचं. जबलपुरात एक छोटी समिती आहे, तिची मी पगारी कार्यकर्ती. समितीचे अध्यक्ष दुबेजी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले आहेत. बाकीचे सभासद सभेला येतात, समोसे खातात आणि जुनं शहर किती सुंदर होतं यावर बोलतात. उन्हात फिरायचं काम माझ्याकडे.

काम साधं आहे. गल्लीत शिरायचं, जुनं घर दिसलं की दार वाजवायचं. भिंत चुन्याची की सिमेंटची ते पाहायचं, लाकूड कोणतं ते विचारायचं, फोटो काढायचे, नकाशा काढायचा. मग सरकारकडे अर्ज करायचा, की हे घर जपायच्या इमारतींच्या यादीत घ्या. त्यावर सुनावणी होते. मालकाची हरकत असेल तर तो ती सांगतो. नव्वद टक्के वेळा मालकाचीच हरकत असते, कारण यादीत गेलेलं घर पाडता येत नाही आणि न पाडता येणारं घर कोणी विकत घेत नाही.

या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. साहेब विचारतात, ‘‘यहाँ ठहरा कौन था?’’ घर कोणी बांधलं, त्यात कोण राबलं, हे कोणी विचारत नाही. मोठा माणूस एक रात्र झोपून गेला असला की घर ऐतिहासिक होतं. लोकांनाही हे पक्कं कळलेलं आहे. गढा या शहराच्या जुन्या भागात मी ज्या ज्या घरात गेले, तिथे इथल्या जुन्या लढवय्या राणीचा घोडा बांधलेला होता. एका आजोबांनी तर मला खुंटा दाखवला. खुंट्यावर सिमेंटच्या कंपनीचं नाव होतं. एवढे घोडे खरंच असते, तर राणीला लढाई करायची गरजच पडली नसती, शत्रू वासानेच पळाला असता.

कमानिया गेटजवळच्या एका दुकानावर लाकडी सज्जा आहे. त्यावर मोर कोरलेले आहेत. दुकानदाराने तो पूर्ण साडीच्या फ्लेक्सखाली झाकला होता. मी त्याला तीन वेळा समजावलं. चौथ्या वेळी तो म्हणाला, ‘‘दीदी, मोर देखके कोई साड़ी नहीं लेता. हिरोइन देखके लेता है.’’ मी भांडले. तो हसला आणि मला चहा पाजला. फ्लेक्स अजून तिथेच आहे. माझ्या नोकरीतल्या बहुतेक मोहिमा अशाच संपतात, म्हणून न संपलेल्या एका मोहिमेबद्दल लिहिते.

चेरीतालला बोरखेडकर कोठी होती. बोरखेडकर वऱ्हाडातले. पणजोबा ठेकेदारीसाठी इकडे आले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. नंतर राज्यांची फेररचना झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. नकाशावर रेघ मारणाऱ्यांनी इथल्या मराठी माणसांना काही विचारलं नव्हतं. माझे आजोबाही भंडाऱ्याहून छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने कामाला इकडे आलेले. म्हणजे बोरखेडकर आणि आम्ही एकाच बाजूने आलो. फरक एवढाच, की ते कोठीत राहिले.

कोठीबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं. गॅझेटियरमध्ये ओळ नाही, कोणाच्या आठवणीत उल्लेख नाही. नाव मात्र रिक्षावाल्यांना ठाऊक होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वसंतकाका बोरखेडकर बनियनवर बसून पेपर वाचत होते. फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगी पुण्याला. गुडघे गेलेले. कोठीचा जिना उंच, संडास अंगणाच्या टोकाला. त्यांनी एका बिल्डरशी बोलणी जवळजवळ पक्की केली होती. कोठीच्या जागी फ्लॅट होणार आणि खालच्या मजल्यावरचा एक काकांना मिळणार.

‘‘काय वाचवून राहिली तू इथलं?’’ ते म्हणाले. ‘‘इथं कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. भाषण नाही झालं, गोळी नाही चालली.’’

‘‘पाहू द्या तरी, काका.’’

‘‘पाह्य बाप्पा. पाह्याचे पैसे नाही लागत.’’

मी पाहिलं. घर खरंच साधं होतं. खांब चांगले, दारं ठीक. एकच गोष्ट मला कळेना. ओसरीच्या बाहेरच्या बाजूला, पाऊस लागू नये एवढ्याच आडोशाला, तुळईत लोखंडी आकडे ठोकलेले होते. ओळीने. कंदिलांसाठी म्हणावं तर फार जवळजवळ, पाळण्यासाठी म्हणावं तर फार बारीक.

काकांना विचारणार तेवढ्यात फाटकात एक जोडपं येऊन उभं राहिलं. माणसाच्या डोक्यावर पांढरी टोपी, हातात लाल फडक्यात बांधलेलं छोटं मडकं. मडकं त्याने छातीशी धरलं होतं. बाईच्या हातात पिशवी. दोघं आत येईनात.

‘‘बोरखेडकर कोठी हेच का जी?’’

काका पेपर बाजूला ठेवून उठले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ‘‘आधी टांगा,’’ म्हणाले, ‘‘मग बोला.’’

माणसाने मडकं एका आकड्याला टांगलं, दोन्ही हात मोकळे झाले तसे ते चोळले आणि तिथेच ओसरीच्या पायरीवर बसला. बाईने डोळ्यांना पदर लावला. मग काकांनी पाणी आणलं. ते दोघं तुमसरचे होते. मडक्यात त्याच्या वडिलांच्या अस्थी होत्या, सकाळी ग्वारीघाटला नर्मदेत सोडायच्या होत्या. बाप मरताना सांगून गेला होता, की जबलपूरला बोरखेडकरांकडे उतरा, माझ्या बापाच्या वेळी आम्ही तिथेच उतरलो होतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अस्थी घरात नेत नाहीत आणि वाटेत जमिनीवर ठेवत नाहीत. गावात असताना त्या झाडाला टांगून ठेवतात. प्रवासात मडकं हातात धरावं लागतं. गाडीत, स्टेशनवर, टांग्यात, धरूनच. लॉजवाला दारात उभं करत नाही. रात्र काढायची कुठे? तर नागपूर, भंडारा, वर्धेकडची माणसं या कोठीत येत होती. मडकं बाहेर आकड्याला, माणूस ओसरीवर, सकाळी घाट. कोठीत चूल पेटलेली असायची. कोणी पैसे घेत नव्हतं.

माझ्या अंगावर काटा आला, तो मडक्यामुळे नाही. मी अस्थी-बिस्थी मानत नाही. आमच्या घरी धम्म घेतल्यापासून कोणी नर्मदेवर मडकं नेलेलं नाही. पण दोन राज्यांच्या रेघेपलीकडून माणसं एका घराचा पत्ता तोंडी घेऊन येतात, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्या घराबद्दल कुठे एक ओळ लिहिलेली नाही. इतिहास आणखी कसा असतो?

तुमसरचे लोक जेवायला बसले तेव्हा मी काकांना विचारलं, ‘‘काका, आमच्या लोकांची मडकी कुठे टांगत होते?’’

काकांनी मला नीट पाहिलं. माझं नाव करुणा एवढंच मी सांगितलं होतं. आडनाव आता सांगितलं.

‘‘तुमचे लोक,’’ ते म्हणाले. मग काठीने रस्त्यापलीकडे दाखवलं. तिथे एक मोठा कडूलिंब होता. ‘‘तिथं.’’

‘‘आणि माणसं?’’

‘‘झाडाखाली. जेवण जात होतं इथून. पत्रावळीवर.’’

‘‘कोण ठरवत होतं?’’

‘‘फाटकावर विचारत होते नं. आजोबांचा एक माणूसच होता त्यासाठी.’’

‘‘तुम्ही आता विचारलं नाही.’’

‘‘आता वर्षातून चार लोकं येतात. विचारून काय करू, त्यांना हाकलू?’’ मग म्हणाले, ‘‘पावसातही तिथंच बसत होते. मी लहान होतो, पाहिलं आहे.’’

त्यांनी हे लपवलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. माफी मागितली नाही, तेही लिहून ठेवते.

घरी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. ‘‘हाव,’’ म्हणाले. ‘‘माझा आजा सांगत होता. जबलपूरले लिंबाखाली उतरलो म्हणे. कोठीचं नाव नाही घेत होता तो, लिंबच म्हणे.’’

म्हणजे एकाच जागेची दोन नावं होती आणि सगळ्या शहराला त्यातलं एकच ठाऊक होतं.

मी पत्रक लिहिलं. एका बाजूला हिंदी, एका बाजूला मराठी. कोठी वाचवा, आकडे वाचवा आणि समोरचा कडूलिंब वाचवा, कारण बिल्डरच्या नकाशात कार आत घ्यायला रस्ता रुंद करायचा होता आणि त्यात झाड जात होतं. कोण कुठे टांगत होतं, हे मी साध्या शब्दांत लिहिलं. एकही विशेषण घातलं नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

दुबेजींनी पत्रक वाचलं, चष्मा काढला. ‘‘बेटा, नीम वाला पैरा काट दो.’’

‘‘क्यों सर?’’

‘‘घर बचाना है या झगड़ा करना है?’’

‘‘दोनों, सर.’’

‘‘मराठी समाज का साथ चाहिए हमें. वो नाराज़ हो जाएगा.’’

‘‘मराठी समाजात मीही आहे नं सर,’’ मी मराठीतच म्हटलं. त्यांना मराठी कळते, बोलता येत नाही. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, इथे कोणी मोठा नेता उतरला होता का, ते एकदा शोधून पाहू, त्याने काम सोपं होईल. मी म्हटलं, उतरलेले सगळे मेलेले होते सर, मडक्यात होते. ते हसले आणि हसल्यामुळे हरले. पत्रक पूर्ण छापलं गेलं.

नाराजी झालीच. मराठी मंडळातल्या एका काकांचा फोन आला. ‘‘काहून जुन्या गोष्टी उकरून राहिली तू? चांगलं काम करून राहिले होते बोरखेडकर. धर्मशाळेसारखं.’’

‘‘काका, मला जुन्या गोष्टी उकरायचाच पगार आहे.’’

‘‘पण चांगल्या उकर नं.’’

दुसरीकडून, आमच्याच वस्तीतल्या एका दादाने मला विहाराच्या दारात अडवलं. ‘‘त्यांचं घर वाचवायले तू काहून पत्रकं वाटून राहिली? पडू दे.’’ मी म्हटलं, घर पडलं की झाडाखाली कोण बसलं होतं हेही पडतं. तो म्हणाला, ‘‘हे तू सुंदर बोलली. पण पडू दे.’’ दोन्ही बाजूंनी शिव्या बसल्या की पत्रक नीट लिहिलं गेलं आहे, असं मी समजते. झोप मात्र येत नाही.

सुनावणीला मी बाबांनी नीट लावून दिलेली फाइल घेऊन गेले. साहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला. मी म्हटलं, इथे कोणी मोठा उतरला नाही, साधी माणसं उतरली, शेकड्यांनी. साहेबांनी कागदावर काही लिहिलं नाही. मग वसंतकाकांना विचारलं.

काका काठी टेकत उभे राहिले. ‘‘साहब, मेरे घुटने नहीं हैं. ये लोग घर बचाएँगे, मुझको कौन बचाएगा? मुझे बेचने दीजिए.’’ मी खाली पाहत होते. ‘‘लेकिन,’’ ते पुढे म्हणाले, ‘‘लड़की ने जो छापा है, वो सब सच है. नीम वाला भी. वो लिख लीजिए.’’

साहेबांनी तेही लिहून घेतलं नाही. काही दिवसांनी उत्तर आलं, की इमारतीला विशेष स्थापत्यमूल्य नाही, कोणत्याही महत्त्वाच्या घटनेशी संबंध नाही. मी अपील करायला निघाले होते. दुबेजी म्हणाले, मालक स्वतःच नको म्हणतो, तिथे अपील उभं राहत नाही. ते बरोबर होते. मला राग अजून आहे. माणसाला खाली संडास पाहिजे, ही मागणी इतिहासाच्या विरुद्ध का जावी लागते? कोणी सरकारी पैशातून कोठीत एक संडास आणि एक कठडा बांधून दिला असता, तर काकांनी हरकत घेतलीच नसती. हे मी तेव्हा सुचवलंही होतं. यादीत तशी सोय नाही, असं कळलं.

कोठी पडली. पाडताना मी गेले होते, आकडे मागायला. बिल्डरचा सुपरवायझर म्हणाला, तुळया कबाड्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे गेल्या, आकड्यांसकट. कबाड्याकडे पोचेपर्यंत लोखंड वितळायला गेलेलं होतं.

राहिला कडूलिंब. कापायची परवानगी आलेली होती. मजूर आले, वर पाहिलं आणि कुऱ्हाडी खाली ठेवल्या. माझं पत्रक त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी ते चहाच्या टपरीवर दिलं होतं, टपरीवाल्याने वाचून दाखवलं होतं, आणि वाचता वाचता त्यात स्वतःची भर घातली होती. या झाडावर हाडं टांगत होते. जो कापेल त्याच्या घरी मडकं येईल. नवे मजूर आणले, त्यांना जुन्यांनी सांगितलं. तेही गेले.

सुपरवायझरने मला शोधून काढलं. ‘‘दीदी, आप तो पढ़ी-लिखी हो. आप लोग तो ये सब मानते भी नहीं. दो मिनट चलके इनको समझा दो, कि पेड़ में कुछ नहीं है.’’

अंधश्रद्धेवर मी किती पत्रकं वाटली असतील, कोण जाणे. लिंबू-मिरची, भूत, मुंजा, करणी, सगळ्यांवर. चौकात उभी राहून बोललेली आहे. त्या झाडात काही नाही, हे मला जेवढं पक्कं ठाऊक आहे, तेवढं जबलपुरात कोणाला नसेल. मजूर माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले असते, तर त्यांनी ऐकलं असतं.

‘‘मैं कैसे कहूँ, भैया,’’ मी म्हटलं. ‘‘पुरानी बात है.’’

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी ताटावरून मान वर केली. ‘‘तू? तुझ्या तोंडून?’’ आणि मग हसत बसले. मला हसू आलं नाही. आजही मला विचारलं, तर मी तेच उत्तर देईन, आणि ते उत्तर चूक आहे हेही सांगेन.

रस्ता झाडाला वळसा घालून काढला. इमारतीला बोरखेडकरांचंच नाव मिळालं, पुढे इंग्रजी शब्द जोडून. काका खालच्या मजल्यावर राहायला आले. त्यांच्या फ्लॅटला संडास दोन आहेत, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत दाखवलं. माझ्यावर त्यांचा राग नाही. मी तिकडून गेले की पार्किंगमध्ये खुर्चीवर बसलेले असतात, आणि मला ‘‘आमची बदनामी करणारी’’ म्हणून वॉचमनशी ओळख करून देतात.

या पावसाळ्यानंतर एकदा अशीच गेले होते. काकांशी बोलत उभी होते. ऑटोतून एक माणूस उतरला, पन्नाशीचा, चांगल्या कपड्यांतला, मागे त्याचा भाऊ. हातात स्टीलचा डबा, लाल फडक्यात. इमारतीकडे पाहिलं, पाटी वाचली, पुन्हा पाहिलं. ‘‘बोरखेडकर कोठी?’’ त्याने वॉचमनला विचारलं. वॉचमन म्हणाला, यही है, फ्लैट नंबर बताइए. माणूस गोंधळला. तो अमरावतीकडचा आहे, देशमुख आहे, वडिलांनी सांगितलेलं आहे, असं काकांना एका दमात सांगून मोकळा झाला. कोणी विचारलं नव्हतं.

काका म्हणाले, ‘‘कोठी गेली, देशमुख. आकडे नाहीत आता.’’

‘‘मग हे कुठं...’’ डबा त्याने दोन्ही हातांनी धरला होता. हात अवघडले होते. खाली ठेवता येत नव्हता आणि इमारतीत नेता येत नव्हता.

काकांनी काठीने रस्त्यापलीकडे दाखवलं. मग काठी माझ्याकडे वळवली. ‘‘हिला विचारा. ती जागा हिच्या लोकांची आहे.’’

देशमुखांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय समजायचं ते समजलं, हे चेहऱ्यावर दिसलं. त्यांच्या भावाने एकदा झाडाकडे, एकदा इमारतीकडे पाहिलं. माझ्या डोक्यात अख्खं पत्रक तयार होतं, दोन्ही बाजूंचं.

डबा अजून त्यांच्या हातांतच होता. मी रस्ता ओलांडून त्यांना खालची जाड फांदी दाखवली, फडक्याची गाठ बांधायला डबा खालून धरून ठेवला. गाव कोणतं ते विचारलं, पण नंतर, काकांकडे चहा घेताना.